मागच्या बाजूचं नाव

पतंगाच्या आकाराची एक पिन गेली काही वर्षं माझ्या टेबलाच्या खणात आहे. काळ्या मिन्याची जमीन, तिच्यावर पांढरा कोनाकार पट्टा, पट्ट्यावर कप्पा, अल्फा, थीटा ही तीन ग्रीक अक्षरं, वर दोन इवलेसे तारे आणि भोवती मोत्यांची कड. मोती मोहरीपेक्षाही लहान. दहापटीच्या भिंगातून पाहिलं की त्यांतला एक बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसतो. तो मागाहून कुणीतरी बसवलाय, आणि बसवताना टाचणीच्या टोकाएवढं सरस बाहेर ओघळलंय. सांगलीला आमची सराफी होती. आजोबांनी असं काम करणाऱ्या कारागिराला पेढीची पायरी चढू दिली नसती. पिन उलटी केली की मागे सपाट सोनं. टाचणी अडकवायला साधा आकडा, त्याला कुलूप नाही, म्हणजे वस्तू शंभर वर्षांपलीकडची. आणि त्या सपाट सोन्यावर हाताने कोरलेलं एका बाईचं पूर्ण नाव. खाली ’९८. म्हणजे १८९८.

ते नाव मी इथे देणार नाही. का, ते पुढे येईल.

ही पिन मी ऑनलाइन लिलावात घेतली, पण घ्यायची म्हणून नाही. ‘जुने मिश्र दागिने’ असा एक लॉट होता: तुटलेले ब्रोच, जोडी हरवलेली कर्णफुलं, काचेच्या मण्यांची सर आणि तळाशी ‘अक्षरं असलेला पतंग’. विकणाऱ्याला तो काय आहे हे ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मला फक्त कस दिसला. घरी आल्यावर नाव दिसलं आणि मी अडकले. हे पुस्तक त्या अडकण्यातून झालंय. अमेरिकेतल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांच्या नावाने चालणाऱ्या ज्या संघटना आहेत, मुलांच्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरॉरिटी, त्यांचे हे बिल्ले. ते कुठे घडले, कुणाच्या छातीवर होते, आणि संगणकाच्या पडद्यावर कसे बोलीला लागले, एवढाच या पुस्तकाचा विषय.

आधी शब्दाचं. ‘बिल्ला’ म्हटलं की आपल्याला स्टेशनवरचा हमाल आठवतो, दंडावर पितळी बिल्ला आणि त्यावर नंबर. हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय. तो बिल्ला हमाल वापरतो, पण द्यायचा-काढायचा अधिकार रेल्वेचा. आपल्या विषयाचा सगळा पेच त्यात आलाच. अमेरिकेत विकणारे ‘पिन’ म्हणतात, संघटनांतल्या बायका मात्र ‘पिन नव्हे, बॅज’ म्हणून हटकून दुरुस्त करतात, कारण पिन म्हणजे त्यांच्या लेखी उमेदवारीच्या काळात मिळतं ते साधं चिन्ह. कोण काय म्हणतं यावरून तो कुठल्या बाजूला उभा आहे ते कळतं. मी दोन्ही शब्द वापरते, कारण दोन्ही बाजूंना माझे ओळखीचे लोक आहेत.

ग्रीक अक्षरांच्या संघटना म्हटलं की मराठी वाचकापुढे सिनेमातली दंगेखोर पोरं उभी राहतात. तो भाग खोटा नाही. नव्या मुलांचा छळ, दारू, त्यातून झालेले मृत्यू, यांवर तिकडे कायदे झालेत आणि पुस्तकंही पुष्कळ आहेत. हे पुस्तक त्यांतलं नाही. इथे धागा बिल्ल्याचा आहे आणि तो थेट १७७६ पर्यंत जातो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पाच महिने झाले असताना, ५ डिसेंबरला, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी फाय बीटा कप्पा नावाचं मंडळ काढलं. त्यांचं चिन्ह चांदीचं चौकोनी पदक होतं. पुढे त्याला दांडा जोडला गेला आणि पदकाची किल्ली झाली. ही किल्ली नुसती दिखाऊ नव्हती. खिशातल्या घड्याळाला चावी देण्याच्या कामाची ती होती. मग बिनकिल्लीची घड्याळं आली, किल्लीचं काम संपलं, आकार राहिला. फाय बीटा कप्पा आज विद्वत्तेचा मान म्हणून ओळखली जाते, पण १८२५ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कप्पा अल्फा, सिग्मा फाय, डेल्टा फाय अशी जी खरीखुरी मित्रमंडळं निघाली त्यांनी नमुना तिचाच घेतला: ग्रीक नाव, गुप्त विधी आणि अंगावर मिरवायची खूण. वस्तू गुप्ततेची आणि ती लावायची मात्र सगळ्यांना दिसेल अशी, छातीच्या डाव्या बाजूला. हा विरोधाभास त्यांना कधी खटकला नाही.

मुलींचा इतिहास बिल्ल्यावाचून सांगताच येत नाही. इंडियानातल्या ग्रीनकॅसलच्या इंडियाना अ‍ॅस्बरी कॉलेजात १८६७ साली पहिल्यांदा मुलींना प्रवेश मिळाला. त्या पहिल्या मोजक्या मुलींत गणिताच्या प्राध्यापकांची मुलगी बेटी लॉक होती. कप्पा अल्फा थीटा या संघटनेत सांगितली जाणारी हकीकत अशी, की फाय गामा डेल्टाच्या एका मुलाने तिला आपला बिल्ला लावायला दिला. तिने विचारलं, लावीन, पण सदस्य म्हणून का? तसं नाही, म्हणाला, नुसता मानाने. मग नको, म्हणाली. मग त्या मुलांच्या मंडळाने तिला चांदीची केकची टोपली भेट दिली. २७ जानेवारी १८७० ला तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी कप्पा अल्फा थीटा काढली आणि स्वतःचा बिल्ला करून घेतला, तोच हा पतंग. टोपलीत केक ठेवत बसली असती तर माझ्या खणात आज काही नसतं.

त्याच वर्षी इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात कप्पा कप्पा गामा निघाली. तिचा बिल्ला सोन्याची किल्ली. तिथेच तीन वर्षं आधी निघालेल्या पाय बीटा फायचा बाण. डेल्टा गामाचा नांगर. ‘सोरॉरिटी’ हा शब्द तेव्हा नव्हताच, म्हणून या जुन्या संघटना अजून स्वतःला ‘बायकांची फ्रॅटर्निटी’ म्हणवतात. १८७४ मध्ये सिरॅक्यूजला निघालेल्या गामा फाय बीटासाठी लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी तो शब्द पुढे सुचवला. उच्चारांची एक गंमत आहे. पाय, फाय, काय हे सगळे अमेरिकन उच्चार मराठी कानाला एकदम घरचे वाटतात. ‘सिग्मा काय’ ही १८५५ मध्ये ओहायोत निघालेली संघटना आहे, प्रश्न नाही.

आता घडणावळ. यात मी रमते, वाचकाने सांभाळून घ्यावं. आरंभीचे बिल्ले गावातल्या सराफाकडून करून घेतलेले. अर्कान्सॉमधल्या फेएटव्हिलला १८९५ मध्ये काय ओमेगा निघाली तेव्हा मुलींच्या मदतीला असलेल्या चार्ल्स रिचर्डसन या दंतवैद्याने पहिला बिल्ला दातांत भरायच्या सोन्यातून स्वतः घडवला. पुढे संघटना पसरल्या, कॉलेजाकॉलेजांत शाखा झाल्या (शाखेला तिकडे ‘चॅप्टर’ म्हणतात), आणि बिल्ले हा वेगळा धंदा झाला. न्यूयॉर्कचा जे. एफ. न्यूमन, डेट्रॉइटचे राइट अँड के आणि बर पॅटरसन, कोलंबसचा ऑल्ड. त्यांच्या छापील सूचिपत्रांत एकच बिल्ला किती तऱ्हांनी मिळे ते पाहिलं की सोसायटीची आर्थिक पाहणी वाचल्यासारखं वाटतं. साधी कोरीव कड सर्वांत स्वस्त, मग मोत्यांची, मग मोती आणि माणिक एकाआड एक, मग ओपल, आणि ज्यांच्या वडिलांचं बरं चाललंय त्यांच्यासाठी हिरे. विधी एक, शपथ एक, भगिनीभाव एक, आणि कड ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. मुख्य बिल्ल्याला बारीक साखळीने एक छोटी पिन जोडलेली असते, तिला ‘गार्ड’ म्हणतात. तिच्यावर चॅप्टरचं अक्षर असतं. लिलावात ही साखळी बहुधा तुटलेली असते आणि गार्ड गहाळ. गार्ड गेला की बिल्ला कुठल्या गावचा ते गेलं.

सोनं दहा किंवा चौदा कॅरटचं. दहा कॅरट म्हणजे शंभरात जेमतेम बेचाळीस भाग. बावीस कॅरटच्या सवयीत वाढलेल्या माझ्यासारखीला ते पितळेच्या जवळचं वाटतं. वजन थोडं. माझा पतंग तीन ग्रॅमच्या आत आहे. अमेरिकेत कसाचा शिक्का खराच असला पाहिजे असा कायदा १९०६ मध्ये झाला. त्याआधीच्या कित्येक पिनांवर शिक्काच नाही, कसोटीच लावावी लागते.

१९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅटलबरोला बालफोर कंपनी सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकामागून एक संघटनेची ती अधिकृत सराफ बनली. इतकी, की फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर या बाजारात मक्तेदारी केल्याचा ठपका ठेवला आणि तो वाद १९७१ मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेला. हे इथे सांगायचं कारण, ‘आमच्या पवित्र चिन्हाचा बाजार मांडलाय’ ही तक्रार मी ज्यांच्याकडून ऐकते त्यांच्या चिन्हाचा बाजार पहिल्यापासून होता. फक्त तो एकाच दाराचा होता.

मग हे बिल्ले बाहेर कसे पडतात? बहुतेकदा मरणाने. बाई जाते, घर रिकामं करायला पुतणी येते, तिचं राहणं दुसऱ्या राज्यात, हातात दोन दिवस. ती घरातली चीजवस्तू विकणाऱ्या माणसाला बोलावते. तो सगळ्यावर चिठ्ठ्या चिकटवतो, दागिन्यांचा डबा एकगठ्ठा जातो. पुरुषांचे बिल्ले बायकांच्या डब्यात का सापडतात हे मला बरेच दिवस कोडं होतं. त्याचं उत्तर ‘पिनिंग’मध्ये मिळालं. साखरपुड्याच्या आधीची पायरी म्हणून मुलगा आपला बिल्ला मुलीला देई आणि ती तो आपल्या बिल्ल्याशेजारी लावी. विसाव्या शतकाच्या मध्याला ही चाल ऐन भरात होती. लग्न झालं तर बिल्ला घरातच राहिला. न झालं तर परत करायचा, पण सगळे थोडेच परत गेले! डब्याच्या तळाशी सापडणारा, नवऱ्याच्या नावाशी न जुळणारा बिल्ला हा माझ्या अनुभवात मुलंनातवंडांना सर्वांत अवघड जाणारा दागिना आहे. तो पहिला विकला जातो.

दुसरं कारण सोन्याचा भाव. १९८० च्या जानेवारीत सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलं तेव्हा अमेरिकेत लोकांनी घरातलं मिळेल ते मोडीत घातलं. मोडीचा हिशोब निर्दय असतो. मोती काढून बाजूला, मिना म्हणजे घट, नाव म्हणजे शून्य. आजोबा म्हणत, मुशीला वाचता येत नाही. किती बिल्ले त्या एका वर्षात आटले असतील याचा अंदाज करायलाही मला नको वाटतं.

सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पियर ओमिडियारने ‘ऑक्शनवेब’ नावाचं लिलावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तेच दोन वर्षांनी ईबे झालं. तिथे विकलेली पहिली वस्तू म्हणून बिघडलेल्या लेझर पॉइंटरचं नाव घेतात. बिघडलेल्या वस्तूलाही कुठेतरी गिऱ्हाईक असतं हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी बिल्ल्यांचं नशीब फिरलं. तोवर ओहायोतल्या जुन्या बाजारात पडलेली पिन तिथल्याच कुणाच्या नजरेस पडली तर पडली. आता ती सिएटलला बसलेल्या म्हाताऱ्या सदस्याला दिसते, टेक्ससमधल्या संग्राहकाला दिसते, आणि मोड घेणाऱ्यालाही दिसते. तिघे एकाच वेळी बोली लावतात. मोडवाला सोन्याच्या भावाला थांबतो. तिथून पुढे जे चढतं ते सगळं त्या अक्षरांचं आणि मागच्या नावाचं.

बोलीची रीत अशी, की तुम्ही तुमची कमाल रक्कम लिहून ठेवता आणि यंत्र गरजेपुरतं एकेक पाऊल वाढवतं. मुरलेले लोक शेवटच्या पाच-सात सेकंदांपर्यंत गप्प असतात. विकणाऱ्यांच्या अज्ञानावर इथे कित्येकांचे संग्रह उभे राहिलेत. सिग्माला ते ‘ई’ वाचतात, लॅम्डाला ‘ए’, सिग्मा काय ‘ईएक्स’ होऊन येते. कुणी तर पिन उलटी धरून फोटो काढतो. म्हणून शोधताना बरोबर नावाने कधीच शोधू नये, चुकीच्या नावाने शोधावं. साधा बिल्ला स्वस्तात जातो, दुर्मीळ असेल तर हजार डॉलरांवर. दुर्मीळ कशाने ठरतं? बंद पडलेली शाखा, अल्पायुषी संघटना, जुना घाट. कॉर्नेलला १९०६ मध्ये निघालेली अल्फा फाय अल्फा किंवा हॉवर्ड विद्यापीठातली १९०८ ची अल्फा कप्पा अल्फा, या कृष्णवर्णीयांच्या संघटनांचे सुरुवातीचे सदस्यच मोजके, त्यामुळे त्या काळचा बिल्ला दिसला की पडद्यापुढे सगळे ताठ बसतात. हॉवर्डच्याच डेल्टा सिग्मा थीटाच्या मुली ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या होत्या. त्या साली घडलेल्या पिनेची किंमत मोत्यांवर ठरणार नाही हे उघड आहे. आणि नाव मोठं असेल तर प्रश्नच नाही. नील आर्मस्ट्राँग पर्ड्यूला फाय डेल्टा थीटाचा सदस्य होता आणि १९६९ मध्ये चंद्रावर जाताना त्याने संघटनेचा बिल्ला सोबत नेला होता.

पण संघटनांचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. ज्या नावाने भाव चढतो त्याच नावामुळे वस्तू विकाऊ नाही, असं त्या म्हणतात. बऱ्याच संघटनांच्या नियमांत बिल्ला सदस्याच्या मालकीचा नसतोच. तो हयातीपुरता वापरायला दिलेला असतो. मृत्यूनंतर तो परत करावा, घरातल्याच दुसऱ्या सदस्य मुलीला द्यावा, नाहीतर अंगावर तसाच ठेवून पुरावा. ऐकायला सुंदर आहे. हा नियम मी माझ्या भाचीकडून पहिल्यांदा नीट समजून घेतला. ती ह्यूस्टनजवळ वाढली आणि कॉलेजात दक्षिण आशियाई मुलींच्या एका सोरॉरिटीत गेली. अशा संघटना १९९० च्या दशकात निघाल्या. कप्पा फाय गामा आणि डेल्टा फाय ओमेगा या दोन्ही १९९८ च्या, दोन्ही टेक्ससमधल्या. भाची पिन लावून घरी आली तेव्हा मी सवयीने भिंग काढलं.

“मावशी, हात नको लावूस. ती माझी नाही, संघटनेची आहे.”

“पैसे कुणी भरले?”

“मीच.”

“पावती कुणाच्या नावावर?”

ती हसली, पण उत्तर दिलं नाही. भांडण तिथेच आहे. नियमाने वस्तू उसनी, पावतीने विकत घेतलेली. सदस्य आणि संघटना यांच्यातला हा करार घर रिकामं करणाऱ्या पुतणीने कधी पाहिलेला नसतो, मग तिच्याकडून घेणाऱ्या दुकानदाराने कुठून पाहावा? लिलावाची संकेतस्थळं अशा घरगुती करारात पडत नाहीत. खरी वस्तू एकदा विकली गेली की तिच्यावरच्या चिन्हाच्या मालकाला पुढची विक्री सहसा अडवता येत नाही, हे व्यापारचिन्हाच्या कायद्याचं साधं तत्त्व आहे. माझं मत विचाराल तर कायदा दुकानदाराच्या बाजूला आहे आणि लाज संघटनेच्या. दोन्ही खरं आहे. त्यातून मार्ग म्हणून सदस्य स्वतःच लिलावात उतरतात. वर्गणी काढून बिल्ले सोडवून आणतात आणि संघटनेच्या संग्रहालयात ठेवतात. सोडवणे हाच शब्द मी वापरते, कारण गहाणाची भावना त्यात आहे. अडचण एवढीच, की एकाच बिल्ल्यामागे दोन भगिनी दोन शहरांतून, एकमेकींना न ओळखता, बोली चढवत बसतात. विकणाऱ्याला कळतं की या लोकांना परत हवंच आहे. पुढच्या वेळी तो सुरुवातच वरून करतो. आपल्याकडे भाव म्हणजे किंमतही आणि भावनाही. या बाजारात ते दोन अर्थ मला कधी वेगळे काढता आले नाहीत.

या सोडवणुकीने एक वाईट गोष्टही केली. परत मागणारं पत्र येऊ नये म्हणून काही विक्रेते आताशा मागचं नाव घासून टाकतात. पॉलिशच्या चाकावर अर्ध्या मिनिटाचं काम. भिंगातून पाहिलं की तिथे सोनं थोडं खोलगट आणि जास्त चकचकीत दिसतं, एखाद-दुसऱ्या अक्षराची शेपटी उरलेली असते. अशी पिन मी विकत घेत नाही. सरसाने चिकटवलेला मोती मला चालतो, नक्कल वेळेवर ओळखता येते, पण हे नाही. आटलेल्या पिनेबद्दल हळहळ वाटते. घासलेलीबद्दल राग येतो.

मी संग्राहकांच्या बाजूने बोलतेय हे वाचकाला कळलं असेलच. ज्यांनी कधी शपथ घेतली नाही, ज्यांना कुठल्याही घरात प्रवेश नाही, अशा चार-दोन माणसांनी पिनांची वजनं केली, आकडे मोजले, सराफांच्या खुणा जुळवल्या. विल्यम रेमंड बेअर्डने १८७९ मध्ये सगळ्या संघटनांची माहिती एका पुस्तकात आणली, तो ग्रंथ आजही हाताशी लागतो, पण प्रत्यक्ष वस्तूचं वाचन या लिलाववाल्यांनीच केलंय. संघटनांनी त्यांना चोर म्हणणं थांबवावं आणि त्यांनी सदस्यांना भोळसट म्हणणं थांबवावं, असं मी दोन्हीकडे सांगून पाहिलं. दोन्हीकडून चहा मिळाला, एवढंच.

माझ्या पतंगाचं मी काय केलं, हे लोक विचारतात. मी संघटनेला पत्र लिहिलं. नाव त्यांच्या जुन्या नोंदींत सापडलं. त्यांनी पिन परत मागितली नाही, फक्त कुठे आहे ते कळवत राहा म्हणाले. त्या बाईच्या माहेरच्या बाजूचं कुणी असेल तर शोधावं असं माझ्या मनात आहे. तोवर ती खणात आहे, आणि खणाच्या झाकणाला एक चिठ्ठी आहे, माझ्या भाचीसाठी.

या पुस्तकात एकशे चाळीस बिल्ल्यांची छायाचित्रं आहेत. सगळी पुढच्या बाजूची. मागची बाजू प्रत्येकाची काढली आहे, पण छापलेली नाही. ती वेगळ्या वहीत चिकटवून ठेवली आहे, अनुक्रमांक तेच. नात्यातल्या कुणी विचारलं तर ते पान उघडून दाखवता येईल. विकत घ्यायला आलेल्याला नाही.